पहिली ओंजळ

मीरासाब भिस्ती जाऊन चार महिने झाले नाहीत, तोच कसबा बावड्यात त्याला देवमाणूस करण्याचा उद्योग सुरू झाला आहे. परवा चावडीपुढे एकजण सांगत होता की पखालीतली पहिली ओंजळ स्वतः प्यायल्याशिवाय मीरासाब कुणाच्या घरी पाणी ओतत नसे, एवढा तो इमानी. ऐकणारे माना डोलवत होते. मला राग आला आणि मी तिथून उठलो. ओंजळीची गोष्ट खरी आहे, पण ती इमानाची नाही. मीरासाबने ती मला स्वतः सांगितली होती आणि सांगताना स्वतःला तसूभरही सूट दिली नव्हती. अशा माणसाला मोठेपणा चिकटवून मोकळं होणं मला पटत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

महाराजांनी शाळा सक्तीच्या केल्या त्या वर्षी माझी बदली बावड्याला झाली. शहरात नळ होते, इथे पंचगंगा आणि मीरासाब. सकाळी तो रेड्याच्या पाठीवर पखाल लादून शाळेत यायचा, रांजणाशी रेडा उभा करायचा, पखालीचं तोंड सैल करून ओंजळभर पाणी आमच्यासमोर प्यायचा आणि मग रांजण भरायचा. ज्या पोरांना पखालीचं पाणी चालत नसे ती घरून तांब्या आणत आणि दुपारनंतर तांब्या संपला की गुपचूप रांजणातलंच पीत. ते मला दिसत असे आणि मी पाठ फिरवत असे.

तिसऱ्या वर्षी शाळा उघडायला आणि रमजान यायला एकच गाठ पडली. रोजे असल्यामुळे मीरासाबला पाणी चाखता येईना. मग तो पहिला पेला माझ्या हातात द्यायचा आणि मी पिताना माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहायचा.

"गोड हाय?"

"आहे की."

"मास्तर, खरं सांगा. मला बरं वाटावं म्हनून सांगू नगासा."

रोज तेच. आठव्या दिवशी मी वैतागलो. म्हटलं, "अरे, पाणी पाजतोयस की माझी साक्ष घेतोयस?" त्यावर तो ओशाळा झाला. रांजण भरून झाल्यावर शाळेच्या पायरीवर बसला आणि पंधरा वर्षांपूर्वीची ती नवमी त्याने मला सांगितली. पोरं वर्गात दंगा करत होती. मी त्यांना करू दिला.

बावड्यात बाळाबाई नावाची एक म्हातारी होती. मराठ्याची, जमीनजुमला बेताचा, तोंड मात्र फटकळ. सगळा गाव तिला आक्का म्हणायचा. तिचा एकुलता मुलगा जोतीराम संस्थानच्या घोडदळात स्वार होता. प्लेगात तो गेला. तेव्हा मढ्याच्या अंगावरचं आणि घरातलं सगळं कापड जाळून टाकत. आक्काने त्याचा एक फेटा तेवढा धान्याच्या कणगीत लपवून वाचवला. मालवणच्या सिंधुदुर्गात शिवछत्रपतींचं देऊळ आहे. आयुष्यात एकदा तिथे जाऊन महाराजांच्या पायी डोकं टेकायचं, असं जोतीराम नेहमी म्हणायचा. त्याला जमलं नाही. म्हणून त्याचा फेटा त्याच्या तिथीला, कार्तिक शुद्ध दशमीला, आपल्या हाताने तिथे ठेवायचा, असं म्हातारीने मनाशी धरलं होतं. पाच-सहा वर्षं आज जाऊ, उद्या जाऊ यात गेली. एकोणीसशे चारच्या दिवाळीत ती भाच्याला, हंबीररावाला म्हणाली, "अवंदा न्हाय गेले तर मग खांद्यावरनंच जायची मी." हंबीररावाने गाडी जुंपली.

मीरासाबला बरोबर घ्यायचं कारण साधं होतं. त्याच्या बापापासून आक्काच्या घरचं पाणी त्या घराने भरलेलं. परमुलखातल्या पाण्याचा तिला विश्वास नव्हता. "मीऱ्या भरंल ते पानी मी पीन," असं तिने सांगून टाकलं आणि पखालीसकट मीरासाब गाडीत चढला. तेव्हा तो तिशी ओलांडलेला, धडधाकट, आणि त्याच्याच शब्दांत सांगायचं तर टाळक्यात हवा गेलेला माणूस होता.

भाऊबीजेच्या संध्याकाळी दिसलेला चंद्र त्या साली रमजानचाही चंद्र होता. त्याची बायको लालबी निघताना म्हणाली होती की वाटेत रोजे धरू नका, प्रवासात माफी असते, घरी आल्यावर भरून काढा. त्याने ऐकलं नाही. आजऱ्याच्या मुक्कामाला हंबीरराव चार लोकांत म्हणाला, "आमचा मीरासाब गाडीत बसून बी रोजा सोडत न्हाय, बगा." झालं. त्यानंतर रोजा अल्लासाठी किती आणि हंबीररावासाठी किती, हे माझं मलाच सांगता येईना, असं मीरासाब म्हणाला.

आंबोलीचा घाट उतरून नवमीच्या आदल्या दिवशी ते वेंगुर्ल्याला पोचले. तिथून मालवणला जमिनीने जायचं तर मधे खाडी आणि गाडीवाट नाही. आगबोट दोन दिवसांनी येणार होती. म्हणून हंबीररावाने गुंडू तांडेलाचा मचवा ठरवला. गुंडूचे चार खलाशी, नारळ आणि काथ्याचा माल, आणि ही तीन बावडेकर माणसं. पहाटे जमिनीकडून दर्याकडे वाहणाऱ्या भुईवाऱ्यावर निघालं तर दुपारपर्यंत मालवण, म्हणजे दशमीची सकाळ हातात, असा हिशेब होता.

नवमीला उजाडता उजाडता मीरासाब गाडीचा एक बैल सोडून पखाल भरायला गेला. बंदराजवळच एक विहीर होती. पाणी चांगलं वर आलेलं. त्याने पोहरा सोडला, तेवढ्यात कळशी घेऊन जाणारी एक बाई थांबली. म्हणाली, "ह्या बावीचा पाणी आता भरू नका हा. भरती असा. भरतेक ह्या खारा होता. वरच्या बावीर जावा."

विहिरीचं पाणी वेळ बघून चव बदलतं, हे बावड्याच्या माणसाने कधी ऐकलेलं नव्हतं. आमच्याकडे विहीर गोडी असते नाहीतर मचूळ असते, आणि जी जशी असते ती तशी राहते. मीरासाबला वाटलं, ही आपल्याला परका समजून हुसकावते आहे. तो म्हणाला, "बाई, पंधरा वर्सं पानी भरतूय मी. आमाला नगा शिकवू." ती बाई खांदे उडवून निघून गेली.

इतर कुठल्याही महिन्यात त्याने पहिली ओंजळ प्यायली असती. बापाने घालून दिलेली रीत होती ती, तशी घरातल्या घरातली, कुणाला दाखवायची नव्हे. पण त्या दिवशी रोज्याआधीची पहाटेची सहेरी खाऊन झाली होती, पूर्वेला तांबडं फुटलं होतं. ओंजळ तोंडापाशी आली आणि त्याने ती खाली सोडली. चाखून थुंकून टाकलं असतं तरी चाललं असतं, हे त्याला पुढे मौलवींनी सांगितलं. पण त्या घडीला ते विचारावं असं वाटलं नाही, कारण पाणी कधी खारट निघेल ही शंकाच त्याला नव्हती.

मचव्यापाशी गुंडू तांडेल दोन पिंपं वरच्या विहिरीवर पाठवायच्या तयारीत होता. पखाल बघून तो थांबला.

"पाणी गोडा मा?" त्याने विचारलं.

"गोड हाय की," मीरासाब म्हणाला. "आन् पंदरा मानसास्नी पुरंल. पिंपं कशाला भरत बसतासा? वारं पडंल."

गुंडूने वाऱ्याकडे बघितलं, पखालीकडे बघितलं आणि पिंपं रिकामीच वर घेतली. मीरासाब मला म्हणाला, "मास्तर, तितं मी खोटं बोललो. न चाखता गोड हाय म्हनलो. समदं तितनंच सुरू झालं."

शीड भरलं आणि मचवा निघाला. आक्काने समुद्र जन्मात पहिल्यांदा बघितला होता. घाबरेल असं वाटलं होतं, पण ती मधल्या फळीवर मांडी घालून, फेट्याची पुरचुंडी पोटाशी धरून बसली आणि लहान पोरीसारखे प्रश्न विचारू लागली. दूर समोर खडकांची रांग दिसू लागली तेव्हा म्हणाली, "म्हशी बसल्यात व्हय रं त्या?" खरोखरच पंचगंगेत म्हशी डुंबाव्यात तसे ते काळे खडक पाण्यात बसले होते. जवळ गेल्यावर कळलं की एकेक खडक शेतघरापेक्षा मोठा आहे. काहींवर गवत होतं, काही पाखरांच्या विष्ठेने पांढरे पडले होते, एकावर दीपगृह होतं. एका बेटाच्या कपारीतून पाकोळ्या सारख्या आतबाहेर करत होत्या. गुंडू प्रत्येक खडकाचं नाव सांगत होता आणि आक्का ते पुन्हा म्हणून बघत होती. हंबीरराव मात्र काठावर पोट टाकून ओकत होता. गावात बैलाची शिंगं धरून थांबवणारा गडी, पण अर्ध्या तासात त्याचा पार लगदा झाला. आक्का त्याला म्हणाली, "उगंच आलास बग. मीऱ्या आन् मी दोगंच आलो असतो."

मीरासाब डोलकाठीच्या बुंध्याशी, पखालीजवळ बसला होता. पखाल नेहमी थोडी पाझरते. कातड्याला घाम येतो, तो वाऱ्याने वाळतो, म्हणून आतलं पाणी गार राहतं. घाम वाळला की काळं कातडं पुन्हा काळंच दिसतं. त्या सकाळी ते काळं दिसेना. शिवणीच्या कडेने बारीक पांढरी रेघ उमटली होती.

त्याने मनाला सांगितलं, लाटांचे तुषार असतील. मग पखालीची एक बाजू जरा उचलून खालून बघितलं. तिथे तुषार पोचत नव्हते. तिथेही पांढरं होतं.

"तवा मला समजलं," मीरासाब म्हणाला. "अगदी लख्ख समजलं. ती बाई आठवली. वेंगुर्ल्याची टेकडी अजून मागं दिसत हुती. तोंड उघडलं असतं तर तासाभरात माघारी जाऊन पिंपं भरली असती."

त्याने तोंड उघडलं नाही. माघारी गेलो तर भुईवारा संपेल, मग आक्काची दशमी हुकेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. दुपारपर्यंत पोचूच, कुणाला एवढी तहान लागणार आहे, असंही सांगितलं. जरासं मचूळ असेल, चालेल. ही सगळी कारणं खोटी नव्हती. पण खरं कारण एकच होतं. गुंडू तांडेलासमोर, चार खलाशांसमोर आणि ज्याने आजऱ्यात आपली फुशारकी मारली त्या हंबीररावासमोर, "मी पाणी न चाखता भरलं," असं त्याला म्हणायचं नव्हतं. त्याने पांढरी रेघ धोतराच्या सोग्याने पुसून काढली. थोड्या वेळाने ती पुन्हा उमटली. तो पुन्हा पुसत राहिला.

वारा बेटांच्या मधोमध पडला. शीड लोंबकळलं, पाणी तेलासारखं झालं आणि ऊन डोक्यावर आलं. खलाशांनी वल्ही घेतली. आक्काने भाकरी आणि खर्डा सोडला. मिरची आमच्याकडची, म्हणजे काय ते सांगायला नको. दोन घास खाऊन तिने हात पुढे केला.

"मीऱ्या, पानी दे."

मीरासाबने पेला भरला. आक्काने पेला तोंडाला लावला, एक घोट घेतला आणि त्याच्याकडे बघितलं. मग सगळा पेला सावकाश संपवला.

"गोड हाय रं," ती म्हणाली.

मीरासाबच्या जिवात जीव आला. त्याला वाटलं, आपलीच चूक झाली, कातड्याला काही दुसरंच लागलं असेल. तेवढ्यात हंबीररावाने पाणी मागितलं. आक्का त्याच्यावर खेकसली, "गप पड. पोटात काय ऱ्हात न्हाय, वर पानी कशाला? वकशील परत." हंबीरराव परत आडवा झाला. मीरासाबला त्याचाही अर्थ कळला नाही, किंवा कळून घ्यायचा नव्हता.

मग एका खलाशाने वल्हं टाकलं आणि पेला उचलला. एक घोट घेऊन तो त्याने दर्यात थुंकला आणि जे बोलला ते मी इथे लिहू शकत नाही. गुंडूने स्वतः चाखून बघितलं. तो ओरडला नाही. पेला उपडा करून ठेवला आणि मीरासाबकडे बघून एवढंच म्हणाला, "बंदरावरच्या बावीचा. भरतेचा."

मीरासाब खाली बघत राहिला. आता तरी बोलावं, असं त्याला वाटलं. त्याने पखालीचं तोंड आवळून बांधलं.

बोलली ती आक्का. "मला तर गोड लागलं बाबा. तुमची दर्यावाल्यांची जीभ लई नाजूक."

गुंडूने परिस्थिती सरळ मांडली. या खडकांवर पाण्याचा थेंब नाही. निवतीच्या किनाऱ्याला लागलो तर तिथे विहीर आहे, पण आता वारा नाही. वल्हवत तिथे जायचं, पाणी घ्यायचं आणि परत बाहेर पडायचं, तोवर दुपारचा समोरचा वारा सुटेल. मग मालवण उद्या संध्याकाळी. नाहीतर असंच वल्हवत राहायचं आणि आज दिवस मावळायच्या आत नांगर टाकायचा. पण कोरड्या घशाने हे चौघे वल्हवणार नाहीत आणि त्यांनी वल्हवावं असं मी सांगणारही नाही, असं तो म्हणाला.

उद्या संध्याकाळी म्हणजे दशमी गेली. आक्काने पुरचुंडीवर हात ठेवला. मग मीरासाबला म्हणाली, "भर पेला." त्याने भरला. तिने तो सगळ्यांच्या देखत गटागटा प्यायला. "आनिक भर." तोही प्याली. तोंड जरासुद्धा वाकडं केलं नाही. मग खलाशांना म्हणाली, "मी साठ वर्साची म्हातारी पितीया. तुमी एवढी दांडगी मानसं, तुमास्नी काय हुतंय?"

खलाशी लाजले. एकाने शिवी गिळली, दुसऱ्याने हसून वल्हं उचललं. गुंडूने मालातले नारळ फोडले. वाळवायला काढलेले, आत पाणी कमीच, पण जे निघालं ते चौघांना दिलं. आक्कापुढेही एक नारळ केला. "माझं पोट भरलंय," ती म्हणाली, "वल्हं मारनाऱ्याला द्या." मीरासाब उठला आणि त्याने पाचवं वल्हं घेतलं. दिवसभर तो उपाशी आणि तहानलेला होता. हातांना फोड आले, ते फुटले. तो म्हणाला, "मला वाटत हुतं, ह्यानं फिटंल. ह्यानं कुटं फिटतंय?"

बेटं एकेक करून मागे पडली. मालवणच्या खडकांमधून गुंडूने मचवा आत घेतला आणि सूर्य पाण्याला टेकायच्या सुमारास किल्ल्याच्या आडोशाला नांगर टाकला. सिंधुदुर्गाचा तट समोर होता, इतका जवळ की भिंतीवर उगवलेलं झुडूप दिसत होतं. हंबीरराव पहिल्यांदा ताठ बसला. पण आक्का ते बघत नव्हती. तासाभरापासून ती काठावर वाकली होती. आधी उलट्या झाल्या, मग पोट बिघडलं आणि शेवटी बसायचंही त्राण राहिलं नाही.

शेजारी नांगरलेल्या पडावातून गुंडूने गोडं पाणी मागून आणलं. मीरासाबने ते चमच्या-चमच्याने आक्काच्या तोंडात घातलं. किनाऱ्यावरच्या मशिदीतून बांग ऐकू आली. रोजा सोडायची वेळ झाली होती. कुणीतरी त्याच्यापुढे त्या गोड्या पाण्याचा पेला धरला. त्याने तो बाजूला सारला, पखालीचं तोंड सैल केलं आणि ओंजळ भरून प्यायला.

"आमटीसारखं खारं हुतं, मास्तर. एक घोट गिळवत नव्हता. तिनं तीन पेलं गिळलं हुतं, माझ्याकडं बघत."

दशमीला सकाळी आक्काला उभं राहता येईना. तिला किनाऱ्यावर धर्मशाळेत उतरवलं होतं. वैद्याने नाडी बघून सांगितलं की होडीत घालाल तर वाटेतच आटपेल. हंबीरराव फेटा घेऊन किल्ल्यात गेला, मीरासाब त्याच्याबरोबर देवळाच्या पायरीपर्यंत गेला. पुजाऱ्याने फेटा महाराजांच्या पायाशी ठेवला. परत येऊन त्यांनी सगळं सांगितलं तेव्हा आक्काने डोळे मिटून ऐकून घेतलं. धर्मशाळेच्या दारातून तटाचा तुकडा दिसत होता. चार दिवस ती तेवढंच बघत पडून होती. सात दिवस गाडीत हाडं खिळखिळी करून आलेली बाई, आणि ज्यासाठी आली ते शेवटच्या हाकेच्या अंतरावर राहिलं. मला हे लिहितानाही चीड येते. मीरासाबला काय होत असेल ते त्यालाच ठाऊक.

पुढची गोष्ट गावाला माहीत आहे, फक्त गाव ती उलटी समजतो. आक्का बरी होऊन बावड्याला आली, पण पुन्हा गाडीत बसण्याजोगी झाली नाही. आणि ज्याला-त्याला सांगू लागली, "दर्यात मीऱ्यानं काय गोड पानी पाजलं मला." पारावर सांगे, लग्नाच्या मांडवात सांगे, हातकणंगल्याहून पाव्हणे आले तरी त्यांना बसवून सांगे, आणि मीरासाब पाणी ओतत असेल तर मुद्दाम मोठ्याने सांगे. लोक त्याच्याकडे कौतुकाने बघत. त्याला तिथून पळून जावंसं वाटे. हंबीररावसुद्धा आत्याच्या आजाराचा दोष दर्याला देई. ते पाणी खारं होतं हे सांगू शकणारे गुंडू आणि त्याचे खलाशी दूर वेंगुर्ल्याला होते. घरात लालबीने एकदा विचारलं की तुम्ही हल्ली लोकांसमोर उभं राहून पाणी का पिता? त्याने तिलाही खरं सांगितलं नाही.

अशी सात वर्षं गेली. मग आक्काने अंथरूण धरलं. एका सकाळी मीरासाब घरात पाणी भरून झाल्यावर माजघराच्या उंबऱ्याशी बसला. आत ती एकटीच होती. तो म्हणाला, "आक्का, त्या दिशी पानी खारं हुतं. मी चाखलं नव्हतं. आन् मला दर्यात लौकर कळलतं. कातड्यावर मीठ बघितलतं मी. माघारी फिरता आलं असतं. मी गप बसलो."

आक्काने मान वळवली. "ठाव हाय," ती म्हणाली. "तू पुसत बसलातास, ते मी बघतच हुते की. तुज्या बापाच्या पखाली चाळीस वर्सं बघितल्यात मी."

मीरासाब उंबऱ्यावरून उठून तिच्या अंथरुणाशी येऊन बसला.

"गोड हाय म्हनलं, ते तुला जागा दिलती. म्हनलं, आत्ता सांगंल. मग घरला आल्यावर म्हनलं, आज सांगंल, उद्या सांगंल. सात वर्सं गोड गोड म्हनत बसले, तुजं तोंडच उघडंना."

"माज्यापायी तुमच्या हातानं फेटा ठेवायचा ऱ्हायला, आक्का."

कुणीही दुसरी बाई 'असू दे रे' म्हणाली असती. आक्का म्हणाली, "व्हय, तुज्यापायीच ऱ्हायला. खारं पानी काय, कोन बी भरंल. तू गप बसलास, ते मला लागलं. जोतीरामाचा फेटा माज्या हातानं म्हाराजांच्या पायी ठेवला न्हाय, ते मी वर बी इसरनार न्हाय." मग जरा दम घेऊन म्हणाली, "आता पानी दे."

त्याने पेला भरला. पहिली ओंजळ तिच्यासमोर प्यायला. पाणी पंचगंगेचं होतं, चांगलं होतं. तिला मानेखाली हात देऊन उठवलं. तिने दोन घोट घेतले आणि त्याच्याकडे बघितलं, मचव्यात बघितलं होतं तसंच.

"गोड हाय रं," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात ती गेली. मीरासाब मला हे सांगून पायरीवरून उठला, रेड्याचा दोर सोडला आणि पुन्हा माझ्याकडे वळला. "मास्तर, ते पानी मी सोता चाखलं हुतं. गोडच हुतं. तरी बी तिनं म्हनलं आन् मला खरं वाटलं न्हाय. तवापास्नं कुनाचंच खरं वाटत न्हाय." मग तो जायच्याऐवजी परत रांजणापाशी आला, पेला भरून माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "आजचं पानी कसं हाय, परत एकदा सांगा."